स्वस्त दाणा, महाग अंडे

परसात चार कोंबड्या पाळाव्या, रोज ताजी अंडी खावी आणि वर दोन पैसेही वाचवावे, अशी कल्पना हल्ली पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत मूळ धरू लागली आहे. कल्पना वाईट नाही. घरामागे दहा बाय दहाची जागा असली की खुराडे सुतार करून देतो, कोंबड्या बाजारात मिळतात आणि त्यांना नावे ठेवण्याचे काम मुले आनंदाने पत्करतात. खरा प्रश्न उभा राहतो तो दुसऱ्या महिन्यात. खाद्याची पहिली पिशवी संपते, दुसरी आणायला गेलेले गृहस्थ भाव ऐकून परत येतात आणि घरात विचारतात, “कोंबड्यांना जोंधळे चालत नाहीत का?”

चालतात. कोंबडीला काय चालत नाही? पण ‘चालते’ आणि ‘पुरते’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्याचा हिशेब फार थोडी माणसे मांडतात. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे तळेगावला आमच्या घरामागे सहा कोंबड्या आल्या, तेव्हा माझ्या हातात आधी आली ती वही. डाव्या पानावर खाद्य, उजव्या पानावर अंडी. आमच्या सासूबाई अंडे खात नाहीत, अंड्याचे भांडेही त्यांनी वेगळे काढून ठेवले आहे. परंतु कोंबड्यांना मेथीच्या काड्या घालण्याचा मान त्यांचाच, आणि “आज चारच गं” हा आकडा रोज सकाळी त्याच सांगतात. त्या वहीच्या आधारानेच हा लेख लिहीत आहे.

किलोचा भाव की अंड्याचा?

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाते. अंगाने मोठी जात असेल तर थोडे अधिक. म्हणजे सहा कोंबड्यांना रोज ७२० ग्रॅम, महिन्याला साडेएकवीस किलोच्या आसपास. हा आकडा पाठ करून ठेवावा. पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे.

आता हिशेबापुरते असे धरू, की तयार ‘लेअर मॅश’, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बनवलेले खाद्य, चाळीस रुपये किलो आहे आणि मका सव्वीस रुपये. भाव गावोगावी आणि महिन्यामहिन्याला बदलतात, तेव्हा तुमच्या दुकानातले आकडे घालून पाहा. रीत तीच राहील. मॅशचा महिन्याचा खर्च ८६४ रुपये. मक्याचा ५६२. झाले, तीनशे रुपये वाचले! येथेच बहुतेकांचा हिशेब संपतो.

पण उजवे पान अजून उघडायचे आहे. पुरते खाद्य मिळालेल्या सहा चांगल्या तलंगा दिवसाला सरासरी चार अंडी सहज देतात, महिन्याला १२०. एका अंड्याचा खाद्यखर्च आला ७ रुपये २० पैसे. नुसत्या दाण्यावर त्याच कोंबड्या दोन अंड्यांवर आल्या, तर महिन्याची ६० अंडी आणि एकेका अंड्याला नऊ रुपयांहून अधिक खर्च. पिशवी स्वस्त पडली आणि अंडे महाग झाले. म्हणून वाचकांना माझे पहिले सांगणे असे, की दुकानात किलोचा भाव विचारा, पण घरी आल्यावर अंड्याचा भाव काढा. खाद्य स्वस्त की महाग, हे दुकानदार सांगू शकत नाही. ते कोंबडी सांगते.

अंडे कशाचे बनते?

दाण्याने अंडी का घटावी? कोंबडी उपाशी तर राहत नाही. ती पोटभर मका खाते, तकतकीत दिसते, कधी कधी लठ्ठही होते. मग अडते कोठे?

अडते ते प्रथिनांपाशी. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. ती कोंबडीने खाल्लेल्या अन्नातूनच यायची, आणि त्याच अन्नातून तिला स्वतःचे पिसे-मांसही सांभाळायचे असते. लेअर मॅशमध्ये १६ ते १८ टक्के प्रथिने असतात, म्हणजे १२० ग्रॅमांत सुमारे वीस ग्रॅम. मक्यात असतात आठ-नऊ टक्के, ज्वारीत नऊ-दहा, बाजरीत थोडी अधिक. १२० ग्रॅम मक्यातून कोंबडीला दहा-अकरा ग्रॅम मिळतात, शिवाय मक्याची प्रथिने सर्वांगपूर्ण नसतात. निसर्गाचा नियम साधा आहे: आधी स्वतःचा देह, मग अंडे. ती अंडे घालायचे थांबवते, यात तिचा आळस नाही.

दुसरी अडचण चुन्याची. अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम असते, आणि खाल्लेले सगळेच काही अंगी लागत नाही. म्हणून रोज चार ग्रॅमांच्या आसपास पोटात जावे लागते. मॅशमध्ये ते साडेतीन-चार टक्के घातलेले असते. मक्यात जवळजवळ नाहीच. मग कोंबडी काय करते? आपल्या हाडांतले काढून कवचाला घालते. काही दिवस हे खपून जाते. मग कवचे पातळ होतात, मऊ होतात, आणि शेवटी कोंबडी पायांत बसते.

आजोळच्या कोंबड्या

हे सांगितले की कोणी तरी हमखास म्हणते, “अहो, आमच्या आजोळी कोंबड्यांना सकाळी मूठभर जोंधळे टाकायचे. मॅश कोणी पाहिला होता?” खरे आहे. पण आजोळी आणखी काय काय होते ते आठवा. उकिरडा होता, गोठा होता, खळे होते. कोंबडी दिवसभर शेण उकरून किडे, अळ्या, वाळवी वेचत होती. तिची प्रथिने तेथून येत होती. ज्वारीची मूठ ही संध्याकाळी घरी परत यावे म्हणून दिलेली लाच होती. आणि एवढे करून ती गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देई, मधून मधून खुडूक होऊन बसे, आणि त्याबद्दल कोणी तिला बोल लावीत नसे.

आपल्या परसात आज ज्या आहेत त्या बहुधा सुधारित जातीच्या: हैदराबादच्या संशोधन संस्थेने तयार केलेल्या वनराज, ग्रामप्रिया, किंवा कर्नाटकातली गिरिराज. आपण त्यांच्याकडून वर्षाला दीड-दोनशे अंड्यांची अपेक्षा करतो आणि त्यांना फरशीच्या अंगणात ठेवून आजोळची मूठ देतो. पगार शिपायाचा आणि काम हेडक्लार्कचे, असा हा व्यवहार आहे.

कोकणात थोडे निराळे. मालवणला माझी जाऊ असते. तिच्या कोंबड्यांना माशाची डोकी, सुकटीचा चुरा, खोबऱ्याची पेंड असे सगळे मिळते, म्हणून तेथे तांदळाच्या कणीवरही बरे भागते. त्यातही ती दोन पथ्ये पाळते. मासळी उकडून घालते आणि थोडीच घालते. जास्त झाली तर अंड्याला वास येतो. खारवलेली सुकट तर चिमटीनेच, कारण मीठ कोंबडीला सोसत नाही.

शेजारच्या काकूंची गोष्ट

गेल्या फाल्गुनात आमच्या शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हाक मारली. काका जाऊन तीन वर्षे झाली. पेन्शन बेताचे. त्यांच्या नऊ कोंबड्यांची अंडी आळीतल्या ठरलेल्या घरी बारा रुपयांना एक अशी जातात, आणि त्या पैशांतून त्या विजेचे बिल भागवतात. मुलापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यांची त्यात इच्छा.

“अगं, ज्वारीचा भाव बघितलास? आणि या पोरी पोटभर खाऊन दोन अंडी देतात. एक तर लंगडायला लागलीय. उद्या तो कोंबडीवाला येतोय, नऊच्या नऊ देऊन टाकते.”

मी म्हटले, “काकू, द्यायच्या तर द्या, पण एक संध्याकाळ मला द्या. वही घेऊन येते.”

काकू ज्वारी, मका आणि कणी मिळून रोज किलोभर दाणा घालत होत्या. सरासरी तीस रुपये किलो म्हणजे महिना नऊशे रुपये. अंडी महिन्याला पंचावन्न; त्यांचे ६६० रुपये. म्हणजे विजेचे बिल दूरच, कोंबड्यांनाच काकूंच्या पेन्शनमधून पगार चालला होता. मी आकडे वाचून दाखवले तेव्हा काकू काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मग आम्ही एकेक कोंबडी पाहिली. सात दीड वर्षांच्या आतबाहेरच्या. दोन जुन्या, चार वर्षे ओलांडलेल्या. त्या दोघींना कोणतेही खाद्य दिले तरी पूर्वीसारखी अंडी यायची नव्हती. त्यांच्या खाण्याचे, मॅशच्या भावाने, महिन्याला २८८ रुपये होत होते. मी तसे सांगितले. काकू म्हणाल्या, “एक देते. पण ती तुरेवाली नाही द्यायची. यांनी पिल्लू म्हणून खिशातून आणली होती.”

मी वहीत आठ कोंबड्या लिहिल्या आणि तुरेवालीपुढे ‘पेन्शनर’ अशी नोंद केली. काकूंना हसू आले.

दाणा बंद करून मॅश सुरू केला, संध्याकाळी प्रत्येकीला जेमतेम चिमूटभर मका, आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. पंधरा दिवसांत कवचे घट्ट झाली. अंडी वाढायला मात्र पाचवा-सहावा आठवडा उजाडला. दिवसही तेव्हा मोठे होत होते, त्याचाही हात असणार. वैशाखात काकू दिवसाला चार-पाच अंड्यांवर आल्या: महिन्याला १३५ अंडी, १६२० रुपये. आठ जणींच्या मॅशचे ११५२ रुपये. मागे राहतात ४६८, पेन्शनरच्या जेवणासह. लंगडणारी हळूहळू पायांवर उभी राहिली. लाखाची उलाढाल नव्हे. पण बिल भागते, आणि कोंबडीवाल्याला काकूंनी पुन्हा बोलावलेले नाही.

घरी मिश्रण करावे काय?

चिकित्सक वाचक विचारतील, की तयार मॅशच कशाला? घरी का कालवू नये? कालवता येते. दहा किलोचे प्रमाण असे: मक्याचा भरडा ५ किलो, सोयाबीनची पेंड २ किलो २०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा १ किलो ७०० ग्रॅम, शिंपल्याचा बारीक चुरा ८५० ग्रॅम, कोंबड्यांसाठी मिळणारे जीवनसत्त्वयुक्त मिनरल मिक्श्चर २२० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. यात प्रथिने साडेसोळा टक्क्यांच्या पुढे येतात.

येथे सोयाबीनच्या पेंडीचा भाव ऐकून दचकू नये. पंचावन्न रुपये किलो धरली तरी तिच्यात पंचेचाळीस टक्के प्रथिने आहेत; म्हणजे प्रथिनांचा किलो सव्वाशेच्या आत पडला. सव्वीस रुपयांच्या मक्यातून तोच किलो काढायला पावणेतीनशेच्या वर मोजावे लागतात. महाग दिसणारी पेंडच येथे स्वस्त आहे. मात्र कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. त्यातला एक घटक प्रथिनांचे पचन अडवतो. उष्णता दिल्यावर तो जातो, आणि पेंड तयार होताना ती दिलेली असते.

हे मिश्रण वरच्याच भावांनी साधारण चौतीस रुपये किलो पडते. सहा कोंबड्यांमागे महिन्याला सव्वाशे रुपये वाचतात. आता पुण्याच्या मार्केट यार्डात जाऊन भुसार दुकानांतून पाच जिन्नस पाच पिशव्यांत आणायचे, त्यात लोकलचे भाडे, आणि रविवारची दुपार कालवण्यात. एवढ्यासाठी सव्वाशे रुपये मला परवडले नाहीत. वीस-पंचवीस कोंबड्या असतील, किंवा आळीतली चार घरे एकत्र येणार असतील, तर जरूर करावे. अर्धा डझनवाल्यांनी तयार मॅशची पन्नास किलोची गोणी दोघांत वाटून घेणे बरे. सुट्यापेक्षा ती स्वस्त पडते आणि पावसाळ्यात फार दिवस पडूनही राहत नाही.

पिल्ले आणि वाढत्या तलंगा असतील तर त्यांचे पान वेगळे. पिल्लांना ‘स्टार्टर’, मग ‘ग्रोअर’. अंडी सुरू होण्याआधी लेअर मॅश घालू नये. त्यातला जास्तीचा चुना कोवळ्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

खरकटे, पाला आणि फराळ

“आमच्या घरचे उरलेलेच पुरते” असे सांगणाऱ्यांसाठी एक खरी हकीकत. १८९० च्या सुमारास जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने ठणकावले. नाइलाजाने कोंबड्यांना कोंडा न काढलेला तांदूळ आला, आणि त्या बऱ्या झाल्या! कोंड्यात जे होते त्याला पुढे ब-१ जीवनसत्त्व हे नाव मिळाले आणि १९२९ मध्ये आइकमान नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. उरलेल्या भातावर कोंबडी पोसत नाही, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

खरकट्याला माझी ना नाही. पण ते जेवण नव्हे, तोंडी लावणे. शिळी पोळी, भात हे बहुतेक पिष्ट आणि पाणी. सकाळीच पोट त्याने भरले तर मॅश राहून जातो. म्हणून सकाळी मॅश, दुपारनंतर बाकीचे, आणि तेही अर्ध्या तासात फस्त होईल इतकेच. भाजीवाल्याकडचा कोबीचा-फ्लॉवरचा पाला, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याची पाने अवश्य घालावी. पैसे फारसे वाचत नाहीत, कारण पाल्यात मुख्यतः पाणी. पण जीवनसत्त्वे मिळतात आणि बलक छान केशरी होतो. हिरवट बटाटे, न शिजवलेली कडधान्ये, चॉकलेट आणि खारट पदार्थ मात्र दूर ठेवावे. तेव्हा या दिवाळीत डब्यांच्या तळाशी राहिलेला चिवडा आणि चकलीचे तुकडे प्रेमाने खुराड्यात टाकू नका. मीठ आणि तेल त्यांच्या दिवाळीत बसत नाही.

घरच्या अंड्यांची कवचे मात्र फेकू नका. धुऊन, वाळवून, तव्यावर भाजून बारीक कुटा आणि शिंपल्याच्या वाटीत मिसळा. अर्धवट फुटलेली घातली तर कोंबडीला अंडे फोडून खायची चटक लागायची भीती असते, म्हणून कुटणे महत्त्वाचे. आणि पाणी! अंड्यात दोन तृतीयांश पाणीच असते. उन्हाळ्यात भांडे दुपारी कोरडे पडले, तर महागातले महाग खाद्यही वाया जाते.

गोणीच्या तळाशी

शेवटचा इशारा सर्वांत गंभीर. काळपट पडलेला मका, कुबट वासाची शेंगदाण्याची पेंड कधी कधी निम्म्या भावात मिळते. फुकट मिळाली तरी घेऊ नका. १९६० मध्ये इंग्लंडात लाखावर टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. तिच्यात बुरशी होती आणि त्या बुरशीचे विष म्हणजेच अफ्लाटॉक्सिन. हे विष उन्हात वाळवून किंवा घरी शिजवून जात नाही; कोंबडीचे यकृत ते पोखरते. आपल्याकडे पावसाळ्यात ही बुरशी सहज धरते. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावे आणि महिन्याभरात संपेल इतकेच आणावे.

याच डब्यापाशी खरी बचतही आहे. भांडे काठोकाठ भरू नका. निम्मेच भरा आणि कोंबडीच्या पाठीइतके उंच टांगा. जमिनीवर उधळलेले खाद्य उंदरांना जाते. त्यांचे एकही अंडे माझ्या वहीत अजून लागलेले नाही.

आता दिवाळीनंतर दिवस लहान होतील. कोंबड्या पिसे झाडतील, अंडी आपोआप कमी होतील. अशा वेळी खाद्य बदलण्याची घाई करू नका आणि मॅशही तोडू नका. नवी पिसे प्रथिनांचीच येतात. माघ संपेपर्यंत धीर धरा. तोवर एक वीस रुपयांची वही आणा, डाव्या पानावर खाद्य लिहा, उजव्या पानावर अंडी, आणि महिन्याच्या अखेरीस एकाला दुसऱ्याने भागा. येणारा आकडा पाहून मग दुकानात जा.